एका वाफ्याला एक कोयता

सावरटेकच्या जिल्हा परिषद शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला शिक्षक बोलत नसत. हा नियम मुलांनी केलेला नव्हता. तो मुख्याध्यापक प्रेमानंद तायडे यांनी स्वतःवर घालून घेतला होता, आणि स्वभावाने शिस्तीचे असल्यामुळे इतर कोणत्याही नियमापेक्षा ते तो अधिक काटेकोरपणे पाळत. त्या तासाला ओसरीवर सतरंज्या पडत, पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी मुले गोल करून बसत, मुलांनीच निवडलेली अध्यक्ष हातात खडू घेऊन फळ्याजवळ उभी राही आणि तायडे सर खांबाला पाठ टेकून मुलांच्या गोलातच बसत. त्यांना मत होते, पण एकच. हात वर करायचा तो सर्वांबरोबर, आणि तोंड उघडायचे ते कोणी विचारले तरच.

सर बीबी या गावी राहत आणि रोज मोटारसायकलने सावरटेकला येत. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, खिशाला निळे आणि लाल अशी दोन पेने, आणि कानावर आलेला शब्द अर्धवट असेल तर तो पुरा करून घेतल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय. मूळचे ते संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. वडील किसनराव दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जात. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण वस्तीतल्या विहारात बैठक भरली की शेवटचा माणूस बोलल्याशिवाय ते उठत नसत. कोणी मध्येच "झालं, ठरलं" म्हणाले की किसनराव म्हणत, "ज्याच्या पायात काटा रुतला त्याले इचारा, रस्ता कसा हाये. बैलगाडीत बसून गेला त्याले काय इचारता?" लहानग्या प्रेमानंदला या बैठकांचा मनस्वी कंटाळा येई, कारण बैठक लांबली की जेवण लांबे.

पुढे मेहकरला अध्यापक विद्यालयात शिकताना त्यांना शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात फलप्रामाण्यवाद नावाचे एक प्रकरण होते. कल्पना कितीही देखणी असो, ती वापरल्यावर काय घडते यावरून तिची पारख करावी. मूल हाताने करून आणि चुकून शिकते. आणि लोकशाही ही मतपेटीपुरती नसून माणसांनी एकमेकांबरोबर वागण्याची रीत आहे, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ होता. तायडे यांनी ते मुद्देसूद पाठ केले, समासात रेघ मारून उत्तर लिहिले आणि उत्तम गुण मिळवले. त्यानंतर बरीच वर्षे ते प्रकरण त्यांच्या डोक्यात जसेच्या तसे, घडी न मोडलेल्या धोतरासारखे पडून राहिले.

घडी मोडली ती आधीच्या शाळेतल्या एका चुणचुणीत विद्यार्थ्यामुळे. नागरिकशास्त्राच्या तासाला त्या मुलाने लोकशाहीची व्याख्या एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली. तायडे सर खूश झाले आणि सहज म्हणाले, "शाब्बास. मग आता सांगा पाहू, वर्गाचा मॉनिटर कोणाला करावा?" मुलगा म्हणाला, "तुमी म्हनसान त्याले." वर्गातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. सरांना मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

शनिवारची सभा सुरू झाली ती तेव्हापासून. तिची घडण सरांनी आपल्या स्वभावाप्रमाणे नीटनेटकी केली. ठराव मुलांनीच मांडायचा, शिक्षकाने नाही. बहुमताने झालेला नियम लगेच पक्का होत नसे; तो महिनाभर आजमाईशीवर राही. महिन्याने अध्यक्ष विचारी, या नियमाने काय झाले, कोणाला बरे झाले, कोणाला जाच झाला. कोणी तक्रार केली नाही तर नियम पक्का. पक्का नियम पुन्हा उघडायचा तर ज्याला तो जाचतो त्याने स्वतः सभेत उभे राहून तसे सांगायचे. दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलायचे नाही. किसनरावांचा काटा आणि अध्यापक विद्यालयातले प्रकरण या कलमात एकमेकांना भेटले आहेत, असे सरांना वाटे आणि त्याचे त्यांना मनोमन समाधान होते.

एका गोष्टीची मात्र त्यांना धास्ती होती. आधीच्या शाळेत अधिकारी भेटीला येणार म्हणून त्यांनी सभेचा एक ठराव, खेळाच्या तासाचा, एका वाक्यात रद्द केला होता. पुढच्या शनिवारपासून हात पूर्वीसारखेच वर होत, पण वर होण्याआधी डोळे सरांच्या चेहऱ्याकडे वळत. सभा तिथेच संपली होती. उरले होते ते तिचे उठणे-बसणे. म्हणून सावरटेकला आल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी सर्वांसमोर शब्द दिला होता, "तुमचा ठराव मी मोडणार नाही. पटला नाही तरी नाही." हा शब्द त्यांनी आजवर पाळला होता, आणि मुलांचे डोळे आता त्यांच्या चेहऱ्याकडे वळत नसत.

शाळेच्या मागे परसबाग होती. मुलांनी पावसाळ्यात दगड वेचून, माती चाळून वाफे केले होते. वांगी, मेथी, पालक, टमाटे. कुंपणाशी शेवगा आणि जुनी, फळ धरणारी लिंबाची झाडे. भाजीतला वाटा खिचडीला जाई, उरलेली मुले घरी नेत. दिवाळीनंतर मुकादमाचे ट्रक गावात आले आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले आईबापांबरोबर निघून गेली. राहिलेल्यांवर पाण्याचे काम वाढले. हापसा शाळेच्या पुढे आणि बाग मागे. बादल्या वाहून खांदे भरून येत, आणि भाजी न्यायच्या वेळी मात्र पाण्याला कधीही न आलेले चेहरे पुढे होत.

तेव्हा सातवीतल्या सागरने ठराव मांडला. सागर गावातल्या बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातला. बोलण्यात तिखट, कामाला वाघ. "जो पानी घालील तोच भाजी नेईल. बाकीच्यायनं हात लावायचा नाही." सगळे हात वर झाले. सरांनीही हात वर केला, कारण ठराव त्यांना रास्त वाटला. महिन्याने आजमाईश झाली. आळशी मुले बादल्या उचलू लागली होती, मेथी माजली होती, तक्रार एकही नव्हती. नियम पक्का झाला. फळ्यावर तो सागरनेच लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

ज्यांना तक्रार असण्याचा संभव होता ती मुले तेव्हा उसाच्या फडात होती, हे त्या ओसरीवर कोणाच्याही लक्षात आले नाही. सरांच्याही नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास ट्रक परत आले. सहावीतली योगिनी आल्या दिवशी शाळेत आली ती आधी बागेकडे धावली. टमाट्याचा वाफा तिने केलेला होता. श्रावणात, इतर मुली झोके घेत असताना, तिने त्या वाफ्यातले दगड एकेक करून बाहेर काढले होते आणि त्याच दगडांचा बांध रचला होता. त्या बांधाआड आता लालबुंद टमाटे लागले होते. तिने दोन तोडले. सागर हापशावरून बादली घेऊन येत होता.

"ठेव ते," तो म्हणाला.

"काऊन? वाफा माह्या हाये."

"व्हता. नियम झाला. जो पानी घालील तो नेईल. फळ्यावर जाऊन वाच."

योगिनी खरोखरच जाऊन वाचून आली. तिने ते दोन टमाटे बांधावरच्या दगडावर ठेवले, हात परकराला पुसले आणि दप्तर घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिच्याबरोबर परतलेली लहान मुले येत होती, पण बागेकडे फिरकत नव्हती आणि सभेत सतरंजीच्या कडेला गुडघ्यात मान घालून बसत होती.

चारपाच दिवसांनी सहशिक्षक राजकुमार सर मुख्याध्यापकांच्या टेबलाशी आले. ते तरुण, उत्साही आणि थोडे उतावळे होते.

"सर, त्या योगिनीचं काय करायचं? परीक्षा तोंडावर आली. एकदा सुटली की ती सुटलीच. पुढच्या वर्षी फडातच दिसेल."

"मला कल्पना आहे."

"मग एक सूचना काढा ना. हा नियम रद्द. संपला विषय."

"विषय संपेल," तायडे सर म्हणाले, "आणि सभाही."

"सभा काय, सर, पुन्हा उभी राहील. पोरगी पुन्हा उभी राहणार नाही."

राजकुमार सर बाहेर गेल्यावर तायडे सर बराच वेळ टेबलावरच्या पट्टीची कड टेबलाच्या कडेशी जुळवत बसले. नियम तसाच ठेवावा तर मुलगी जाते. नियम मोडावा तर दिलेला शब्द जातो, आणि शब्द गेला की सावरटेकच्या पोरांचे डोळे पुन्हा चेहरा वाचू लागतात. त्यांनीच रचलेल्या घटनेत त्यांच्यासाठी एकच दार उघडे होते. योगिनीने स्वतः येऊन उभे राहून बोलले पाहिजे होते.

त्या संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. योगिनीची आजी गोजरबाई उंबऱ्याशी बसून तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही.

"या गुर्जी. बसा. लय मोठी सभा भरवता म्हनं तुमी."

"भरते खरी, आजी."

"दोन भेदरं अन् गावभर सभा," गोजरबाई म्हणाली. टमाट्याला ती भेदरंच म्हणायची. "आमच्या वक्ताले मास्तर छडी मारे. वळ दोन दिवसांत जाये. हा तुमचा मतदानाचा वळ काई जात नाही."

सरांनी ते ऐकून घेतले. योगिनी आत चुलीपाशी बसली होती. धाकटा भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता.

"योगिनी, शनिवारी ये. सभेत बोल."

"म्या काय बोलू? सगळ्यायनं हात वर केले. तुमीबी केला म्हनते."

"केला," सर म्हणाले. "तू नव्हतीस, हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"मंग तुमीच पुसून टाका ना फळा."

"ते मला करता येत नाही. तसा शब्द दिला आहे."

"मंग म्या आल्यावर काय व्हईन?"

सरांना खोटे आश्वासन देता येत नसे. ते त्यांच्या जिभेला वळतच नसे. "काय होईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच होणार नाही. एवढंच सांगतो, तुझं बोलून होईपर्यंत मध्ये कोणी बोलणार नाही."

गोजरबाईने सूप आपटले. "हे काय सांगनं झालं? दुकानदारबी म्हनते, माल चांगला हाये म्हनून."

"मी माल विकायला आलो नाही, आजी."

"ते दिसूनच राह्यलं," ती म्हणाली. पण चहा ठेवायला सांगितले.

शनिवार उजाडला तेव्हा तायडे सरांनी मनाशी ठरवून टाकले होते. ती आली नाही, किंवा आली आणि काही घडले नाही, तर शेवटी उठायचे आणि नियम रद्द केल्याचे सांगायचे. सभा गेली तरी चालेल. राजकुमारचे म्हणणे खरे होते. सभा पुन्हा उभी करता येते, निदान प्रयत्न तरी करता येतो. आपण एका मुलीच्या बदल्यात आपल्या शब्दाची अब्रू राखतो आहोत, हा विचार त्यांना बीबीपासून सावरटेकपर्यंत मोटारसायकलवर सोबत करीत होता. म्हणायचे वाक्यही त्यांनी तयार केले होते, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ते घशाशी घेऊनच ते खांबाला टेकून बसले.

सभा बसली, आणि अगदी शेवटी, चपला आवाज न करता काढून, योगिनी आली. ती सतरंजीच्या कडेला बसली. अध्यक्ष होती सातवीतली महामाया, आवाजाने खणखणीत. तिने फळ्यावरचा पहिला विषय वाचला.

"उन्हाळ्यात बागेले पानी कोन घालनार? दरसाली चांगुणाबाई घाले. यंदा ती लेकीच्या बाळंतपणाले चालली."

चांगुणाबाई म्हणजे शाळेची खिचडी शिजवणारी. ओसरीवर एकही हात वर झाला नाही. मे महिन्यात सावरटेकच्या शाळेतले पोर गावात राहत नसे. जो तो मामाकडे पळे. कोणी मेहकर, कोणी जालन्याकडे. सागरची आई त्याला हिवरा आश्रम या गावी भावाकडे घेऊन जाई, ती शाळा उघडेपर्यंत.

"कोनीच नाही का?" महामायाने विचारले. "झाडं वाळतील."

योगिनीचा हात वर झाला.

"मी घालीन."

"सगळी सुट्टी?"

"सगळी सुट्टी. आमी कुठं चाललो? आमी तं आताच आलो."

टाळ्या वाजल्या. सागरनेही वाजवल्या, अगदी मनापासून. झाडांचा त्याला जीव होता. टाळ्या थांबल्यावर योगिनी उभी राहिली.

"अन् नियम तोच राहू द्या. मले मान्य हाये. जो पानी घालील तो नेईल. तं लिंबं माह्यी, शेंगाबी माह्या. शाळा उघडल्यावर कोनी हात लावायचा नाही."

सागर ताडकन उठला. "अशी कशी बे? थंडीभर झाडं आमी जगवली. बादल्या वाहून वाहून खांदा गेला माह्या."

"नियमात थंडी कुठं लिवली हाये? वाच."

"पन आमी काय मुद्दाम चाललो का पानी सोडून? माय नेते मामाकडं. ते काय माह्या हातात हाये?"

"मंग मुकादमाचा टरक माह्या हातात व्हता काय?"

ती हे ओरडून बोलली नाही. शेजारच्याला पाणी विचारावे इतक्या साध्या स्वरात बोलली. कडेला बसलेल्या, तिच्याबरोबर फडावरून आलेल्या पोरांनी गुडघ्यांतून माना वर काढल्या. तायडे सरांच्या घशातले वाक्य तिथेच थांबले. या क्षणी बोलणे किती सोपे होते, आणि बोललो असतो तर किती नासले असते, हे दोन्ही त्यांना एकदमच कळले. त्यांनी खांबाला पाठ आणखी घट्ट टेकली.

महामायाने खडू फळ्यावर आपटला. "आता नुसतं भांडू नका. योगिनी, तुले नियम जाचते का?"

"जाचते."

"तं उघडला. मंग काय पाह्यजे ते सांग."

योगिनीने थोडा विचार केला. "फडात माह्या बाबा ऊस तोडते अन् माय मोळी बांधते. दोघायचा मिळून एक कोयता म्हनते. मोळी बाबाची का मायची, कोनी इचारत नाही. कोयत्याची असते. तसं एका वाफ्याले एक कोयता करा. दोन नावं. एक गावाले गेला तं दुसरा पानी घालील. भाजी दोघायची."

"आन् दोघंबी गेले तं?" तिसरीतल्या एकाने विचारले.

"तं तिसऱ्याले सांगून जायचं. न सांगता गेला तं त्याचं गेलं."

"आन् वाटा?" सागर अजून उभाच होता. "सारखा कसा? जो राह्यते त्याले बादल्या. जो जाते त्याले काय? ऊस खाते."

हशा पिकला. योगिनीही हसली. "ये ना एकडाव ऊस खायाले. पाचट टोचते, मंग समजते." मग ती गंभीर झाली. "अन् दगड वेचले ते? खोदनं काय फुकटचं हाये?"

वाद रंगला. कोणी म्हणाले, राहणाऱ्याला दोन वाटे द्या. कोणी म्हणाले, मग खोदणाऱ्यालाही दोन द्या. एका मुलीने सुचवले की सगळीच भाजी खिचडीत टाकावी म्हणजे भांडण मिटेल. हे कोणालाच आवडले नाही. घंटा व्हायची वेळ उलटून गेली आणि घंटा वाजवणारा मुलगाच बोलत होता म्हणून ती वाजली नाही. आयुष्यभर वेळेवर वाजलेल्या घंटांवर विसंबून जगलेल्या तायडे सरांनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटी ठरले ते असे: वाटे सारखे, पण जो गावात राहून पाणी घालतो तो आपला वाटा आधी तोडेल, लिंबे आणि शेंगा शाळा उघडल्यावर सर्व कोयत्यांत वाटायच्या, आणि हा नियम आजमाईशीवर राहील.

"आजमाईश कुठवर?" महामायाने विचारले.

"महिनाभर," कोणीतरी सवयीने म्हणाले.

"नाही," सागर म्हणाला. "सालभर. थंडी अन् उन्हाळा दोनी पाहा लागन."

सरांनी मान खाली घातली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आलेले हसू कोणाला दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. एवढी वर्षे आपण महिन्याची मुदत का ठेवली, याचे कारण त्यांना आठवेना. महिना तारखेला सुटसुटीत असतो, एवढेच असावे.

हात वर झाले. सगळे नाहीत, काही राहिले, आणि सागरचा हात खालीच होता. कोणीही सरांकडे पाहिले नाही. इतके, की त्यांनी स्वतःचा हात वर केला तो मोजायला महामाया विसरली आणि त्यांना तो हलवून दाखवावा लागला.

"सर, तुमचा व्हय का? बरं," ती म्हणाली आणि एक रेघ वाढवली.

सतरंज्या गुंडाळताना सागर योगिनीजवळ गेला. सर खांबाशीच होते, म्हणून त्यांना ऐकू आले.

"तुह्या वाफ्याले दुसरं नाव कोनाचं?"

"अजून कोनाचं नाही."

"माह्यं टाक."

"तू तं हात वर नाही केला."

"वाटा सारखा नाही पाह्यजे, हे माह्यं अजून म्हननं हाये. पन वाफा तुह्या चांगला हाये. अन् म्या आठवीले बाहेरगावी गेलो तं माह्या भाऊ पाचवीत हाये, तो घालील पानी."

"त्याले बादली उचलते का?"

"उचलवीन."

"मंग टाक," योगिनी म्हणाली.

तायडे सर कार्यालयात आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. राजकुमार सरांनी हे दृश्य यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

"सर, पाणी आणू का?"

"आणा," सर म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला, राजकुमार. मी सुंठ खिशात घेऊनच आलो होतो."

सोमवारी योगिनी प्रार्थनेला रांगेत होती. परीक्षा तिने दिली; गणितात काठावर आणि सामान्य विज्ञानात चांगल्या गुणांनी ती सातवीत गेली.

सुट्टीत एका सकाळी काही कामाचे निमित्त काढून सर सावरटेकला गेले. निमित्त त्यांनी काढले होते हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हते. शाळेच्या मागे गोजरबाई शेवग्याच्या विरळ सावलीत बसून हुकूम सोडत होती आणि योगिनी बादलीने लिंबाच्या आळ्यात पाणी ओतत होती. धाकटा भाऊ चिखलात आनंदाने लोळत होता. झाडे पिवळ्या लिंबांनी लगडली होती. काही खाली गळली होती. ती उचलून तिने बांधावर ओळीने मांडून ठेवली होती.

"पाहा गुर्जी," गोजरबाई म्हणाली, "तुमच्या सभेनं म्हातारीले कामाले लावलं."

"तुम्ही तर बसलेल्या आहात, आजी."

"बसून सांगनं काय सोपं हाये? तुमाले तं ठावं पाह्यजे."

सर हसले. ऊन चढत होते आणि घसा कोरडा पडला होता. त्यांनी बांधावरचे एक लिंबू उचलले, नाकाशी नेले आणि सहज म्हणाले, "एक नेतो गं, सरबताला."

योगिनीने बादली खाली ठेवली. ती ओशाळली, पण मागे हटली नाही.

"सर, तुमचं नाव कोन्या वाफ्याले हाये?"

सरांनी आठवून पाहिले. "कोणत्याच नाही."

"मंग नाही भेटनार," ती म्हणाली. "शाळा उघडल्यावर वाटायची हायेत."

गोजरबाई तोंडाला पदर लावून हसू लागली. तायडे सरांनी लिंबू होते त्या जागी, ओळ न बिघडवता, परत ठेवले. मोटारसायकल सुरू करताना त्यांच्या लक्षात आले की आपण गुणगुणत आहोत, आणि हे काही आपल्या सवयीत बसणारे नाही.

परतताना त्यांनी बीबीच्या बाजारातून लिंबे घेतली. उन्हाळ्यात ती महाग होती. घरी त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी पिशवी उघडून पाहिली.

"शाळेत झाडं लिंबांनी वाकलीत म्हणता, आणि ही विकतची?"

"माझं नाव कुठल्याच वाफ्याला नाही."

"मग नाव टाकायला काय झालं? मुख्याध्यापक ना तुम्ही?"

"असं टाकता येत नाही," सर म्हणाले आणि चपला भिंतीशी सरळ जुळवून ठेवल्या. "शाळा उघडू दे. शनिवारी कोणी विचारलं, तर सांगेन."